कापसाची धूळ आणि न मोजलेली माणसे

रविवारची सुट्टी घेऊन सोमवारी पाळीवर आलेला गिरणी कामगार दोन-तीन तासांनी छातीवर हात ठेवून म्हणतो, आवळल्यासारखे होतेय. मंगळवारी त्रास कमी होतो, बुधवार-गुरुवारपर्यंत जवळजवळ जातो, आणि पुढच्या सोमवारी पुन्हा सुरू होतो. साधा दमा असा वार बघून येत नाही. कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, म्हणजे बिसिनोसिस, ओळखला गेला तो मुख्यतः या वेळापत्रकामुळे. रिचर्ड शिलिंग या ब्रिटिश डॉक्टरांनी १९५०च्या दशकात लँकेशरच्या गिरण्यांमध्ये हीच सोमवारची तक्रार धरून आजाराच्या पायऱ्या लावल्या. आधी एखाद्या सोमवारी, मग दर सोमवारी, मग आठवड्यातल्या इतर दिवशीही, आणि शेवटी कायमची धाप. शेवटच्या पायरीवर पोचलेल्या माणसाकडे पाहून हा विडीचा दम की कापसाचा, हे कुठल्याच डॉक्टरला सांगता येत नाही, कारण तोवर वाराची खूण पुसून गेलेली असते.

धुळीतला खरा उपद्रवी घटक कापसाचा पांढरा तंतू नाही. बोंडाबरोबर पाचोळा, देठ आणि बोंडाभोवतीच्या पानासारख्या सुकलेल्या आवरणाचा चुरा येतो. त्यावर जिवाणू वाढलेले असतात आणि त्यांच्या आवरणातले एंडोटॉक्सिन नावाचे द्रव्य धुळीबरोबर श्वासनलिकेत उतरते. म्हणून गाठी फोडल्या जातात ते ब्लो खाते आणि कापूस विंचरला जातो ते कार्डिंग खाते सर्वांत वाईट. पुढे सूत होईपर्यंत माल साफ होत जातो आणि धुळीचा विखारही उतरत जातो.

सोलापूरला हा विषय परका नाही. १८७७ साली इथे पहिली कापड गिरणी उभी राहिली, जिला गाव पुढे जुनी गिरणी म्हणू लागले. नंतर नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्या आल्या. भोंग्यावर चालणारे हे शहर होते. गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि काम यंत्रमागांवर गेले. आज सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळवून बसले आहेत आणि ते विणले जातात पूर्व भागातल्या बोळांत आणि अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये. पूर्व भागात खाली माग आणि वर बिऱ्हाड अशी घरे आहेत. ट्यूबलाइटच्या पट्टीवर, पंख्याच्या पात्यांवर, कोपऱ्यातल्या जाळ्यांवर कापसाचे बारीक तंतू लोकरीसारखे साचलेले दिसतात. मागावरचा माणूस पाळी संपवून जिना चढला की घरी पोचतो. त्याची मुले तर दिवसभर त्याच छपराखाली असतात.

तेव्हा प्रश्न सरळ वाटतो. कापसाच्या धुळीने या माणसांची फुप्फुसे खराब होतात का? उत्तरे लगेच मिळतात. दवाखान्यातला डॉक्टर आपल्याकडे आलेले धापेचे रुग्ण आठवून हो म्हणतो. कारखानदार सत्तरीतल्या एखाद्या ठणठणीत विणकराकडे बोट दाखवून नाही म्हणतो. संशोधकही पुष्कळदा हेच करतो, फक्त आठवणीऐवजी हाताशी असलेले चार शोधनिबंध वापरतो. तिघेही खोटे बोलत नाहीत. तिघांनीही आपापल्या परीने निवड केलेली असते आणि त्या निवडीचा नियम कोणी आधी सांगितलेला नसतो. सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, म्हणजे पद्धतशीर आढावा, या निवडीला लगाम घालण्यासाठी जन्माला आला. एका प्रश्नावर जगात झालेले सगळे अभ्यास शोधायचे, आधी जाहीर केलेल्या नियमांनी तपासायचे, आणि काय घेतले, काय सोडले, का सोडले हे सगळे उघड मांडायचे. या प्रकरणात मी हाच प्रश्न घेऊन असा आढावा कसा घडतो ते दाखवणार आहे. माझ्या मते या पद्धतीचा जीव एकाच सवयीत आहे. समोर आहे ते मोजताना समोर कोण आलेच नाही, हे ती विचारत राहते.

पद्धतशीर आढाव्यांच्या चळवळीला ज्यांचे नाव मिळाले ते आर्ची कॉक्रेन धुळीच्या आजारांवर काम केलेले डॉक्टर होते, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. १९५०च्या सुमारास ते दक्षिण वेल्समधल्या ऱ्होंडा फाख या खोऱ्यात कोळसा खाण कामगारांच्या छाती तपासत होते. दवाखान्यात येतील तेवढ्यांवर त्यांचे समाधान होत नसे. खोऱ्यातला प्रत्येक खाणकामगार तपासला गेला पाहिजे, या हट्टाने त्यांची माणसे दारोदार फिरली आणि नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांपर्यंत पोचली. राहिलेल्या थोड्यांतच सर्वांत आजारी माणसे असू शकतात, हे त्यांना पक्के माहीत होते. त्याच काळात आणखी एक अडचण पुढे आली. छातीची एकच एक्स-रे फिल्म दोन अनुभवी डॉक्टरांना दिली तर ते वेगळे वाचतात, आणि त्याच डॉक्टरला ती काही दिवसांनी पुन्हा दिली तर तोही कधीकधी आपले मत बदलतो. आढाव्यात आज प्रत्येक शोधनिबंध दोघेजण एकमेकांना न विचारता वाचतात आणि मतभेद झाला तर तिसऱ्याकडे जातात. त्यामागे असाच अनुभव आहे. कॉक्रेन यांचे गाजलेले पुस्तक १९७२ साली आले, १९८८ मध्ये ते वारले, आणि १९९३ साली त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली.

मात्र त्या संस्थेचे मुख्य काम औषधोपचारांचे. औषधाची परीक्षा घेताना चिठ्ठी टाकून निम्म्या रुग्णांना खरे औषध आणि निम्म्यांना खोटी गोळी देता येते. चिठ्ठी टाकून निम्म्या कामगारांना वीस वर्षे धुळीत उभे करता येत नाही, आणि ते करूही नये. पर्यावरणातल्या धोक्यांचा माणसांवरचा जवळजवळ सगळा पुरावा निरीक्षणातून येतो. जे धुळीत होते त्यांचे काय झाले आणि जे नव्हते त्यांचे काय झाले, एवढेच आपल्याला पाहता येते. १९६५ साली ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये पर्यावरण आणि रोग यांच्या नात्यावर व्याख्यान दिले. अशा पुराव्यातून कारण कसे ओळखावे यासाठी त्यांनी नऊ कसोट्या सुचवल्या. हिल यांनी उमेदीच्या काळात लँकेशरच्या सूतगिरण्यांतल्या कामगारांच्या आजारपणाचा अभ्यास केला होता आणि तो १९३० मध्ये छापला गेला होता. कारखान्याच्या धुळीचा विषय त्यांना नवा नव्हता.

आता काम सुरू करू. पहिला दिवस प्रश्न नीट लिहिण्यात जातो. कोणती माणसे? सूतगिरणीतली, की यंत्रमागावरचीही, आणि मागाच्या वर राहणारी बायकामुलेही? कोणता संपर्क? दर घनमीटर हवेत किती धूळ हे मोजलेले हवे, की अमुक खात्यात इतकी वर्षे काढली एवढी नोंद चालेल? तुलना कोणाशी? कचेरीतल्या कारकुनाशी तुलना केली तर त्याचे खाणेपिणे, पगार, घर सगळेच वेगळे निघते. परिणाम कोणता? सोमवारची आवळ, की फुंकणीच्या यंत्रावर पहिल्या सेकंदात बाहेर टाकलेली हवा, की कायमचा श्वसनरोग? हे ठरवून आराखडा आधीच नोंदवायचा. त्यासाठी यॉर्क विद्यापीठाने २०११ मध्ये प्रॉस्पेरो ही नोंदवही सुरू केली. नोंद झाली की पुढे निकाल पाहून प्रश्न गुपचूप बदलता येत नाही. बदललाच तर तो बदल सगळ्यांना दिसतो.

मग शोध. इथे नवखा माणूस पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या संगणकीय सूचीत तीन शब्द टाकतो आणि मिळाले तेवढे पुरे समजतो. सोलापूरसाठी तर पहिली ठेच गावाच्या नावालाच लागते, कारण जुन्या इंग्रजी कागदपत्रांत ते शोलापूर असे लिहिलेले आहे. दोन्ही हिज्जे टाकले नाहीत तर स्वातंत्र्याच्या आधीचे आणि नंतरच्या काही वर्षांचे कागद सापडणारच नाहीत. बिसिनोसिस हा शब्द न वापरता कोणी ‘यंत्रमाग कामगारांतील श्वसनाच्या तक्रारी’ असा मथळा दिलेला असतो, कोणी जुनाट ब्राँकायटिस म्हटलेले असते. ज्या ब्रिटिश नियतकालिकात या विषयावर सर्वाधिक लिहिले गेले त्याचे नावच १९९४ मध्ये बदलले. आणि छापलेच गेले नाही त्याचे काय? सोलापूरचे वैद्यकीय महाविद्यालय, आजचे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, १९६३ सालचे. नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये निघण्यापूर्वी ते कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेले होते. तिथल्या एमडीच्या विद्यार्थ्यांनी या शहरातल्या कामगारांवर जे प्रबंध लिहिले असतील ते संगणकाच्या शोधात येणार नाहीत. त्यासाठी दोन्ही विद्यापीठांच्या ग्रंथालयांत जाऊन धूळ खात पडलेल्या बाडांची पाने उलटावी लागतात. कामगार विमा रुग्णालयांची दप्तरे आणि कारखाना निरीक्षकांचे अहवाल हेही याच वर्गात मोडतात. १९४८च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात बिसिनोसिसचे नाव होते, म्हणजे असा रुग्ण दिसला की डॉक्टरने सरकारला कळवणे बंधनकारक झाले. त्या नोंदी किती झाल्या हे पाहणे हासुद्धा शोधाचाच भाग. हे काम कंटाळवाणे आहे, पण मला ते सबंध आढाव्यातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. ज्या अभ्यासात काही विशेष निघत नाही तो छापला जाण्याची शक्यता कमी असते, आणि केवळ छापलेले मोजले तर जग आहे त्याहून जास्त ठळक दिसते.

सापडलेले शेकडो मथळे दोघांनी चाळायचे, मग निवडक निबंध पूर्ण वाचायचे. किती सापडले, किती कोणत्या कारणाने गळले, हे एका आकृतीत दाखवायचे. २०२० मध्ये सुधारलेल्या प्रिझ्मा या नियमावलीत अहवालात काय काय हवे याची २७ कलमे आहेत. या पायरीवर जास्त रेंगाळत नाही. खरी परीक्षा पुढे आहे.

एक उदाहरण घेऊ, कल्पित पण रोज घडणारे. समजा, शंभर तरुण कार्डिंग खात्यात लागले. त्यातल्या वीस जणांना धूळ सोसवेना. पाच वर्षांत कोणी भाजीची गाडी लावली, कोणी गावी शेतावर परतला. संशोधक सहाव्या वर्षी आला, हजेरीपट पाहून उरलेल्या ऐंशी जणांच्या छाती तपासल्या आणि लिहिले की आजाराचे प्रमाण नगण्य. आकडा अचूक, निष्कर्ष चुकीचा. धुळीने ज्यांना हाकलले तेच हिशेबात नाहीत. याला निरोगी कामगाराचा परिणाम म्हणतात आणि कामाच्या जागेवर केलेल्या कोणत्याही एकवेळच्या पाहणीला तो चिकटलेला असतो. त्यात आपल्याकडे बदली कामगार असतात, ज्यांची नावे हजेरीपटावर कधी असतात, कधी नसतात. म्हणून आढावा करणाऱ्याने प्रत्येक निबंधाला हा प्रश्न विचारायचा असतो: नोकरी सोडून गेलेल्यांना तुम्ही शोधलेत का? पूर्वाग्रह तपासण्याच्या तक्त्यात त्यासाठी वेगळा रकाना असतो. शेजारचे रकाने धूळ खरोखर मोजली की अंदाजाने लिहिली, आणि विडी, घरातली चूल, पूर्वी झालेला क्षय यांचा हिशेब घेतला का, असे. आपल्याकडे खोकला लांबला की आधी क्षयाचा संशय येतो, आणि कितीतरी गिरणी कामगारांच्या कागदावर तोच शब्द राहून गेलेला असतो.

या तक्त्यात भारतातले अभ्यास ठेवून पाहिले तर फार शिकायला मिळते. भारतात बिसिनोसिस फारसा नाही, असा समज बराच काळ होता. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेतल्या पारीख आणि सहकाऱ्यांनी तिथल्या गिरण्या तपासून १९८९ मध्ये निष्कर्ष छापला. ब्लो खात्यात सुमारे ३० टक्के आणि कार्डिंगमध्ये सुमारे ३८ टक्के कामगारांत हा आजार होता. १९९५ साली डॉ. व्ही. मुरलीधर आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या एका गिरणीतल्या बिसिनोसिसवर नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडियामध्ये लिहिले. आजार नव्हता असे नाही, तो पाहिला जात नव्हता.

सर्वांत भक्कम रकाना शांघायच्या अभ्यासाचा भरतो. १९८१ मध्ये तिथल्या कापूस गिरणीतले साडेचारशेच्या आसपास कामगार आणि जवळजवळ तेवढेच रेशीम गिरणीतले कामगार घेऊन हार्वर्डचे डेव्हिड ख्रिस्तियानी आणि चिनी संशोधकांनी दशकानुदशके त्यांचा पाठपुरावा केला. रेशीम कामगार तुलनेला घेतले हे मला फार शहाणपणाचे वाटते. गिरणी, पाळ्या, पगार, शहर सारखे, पण रेशमाच्या धुळीत एंडोटॉक्सिन नगण्य. शिवाय निवृत्त झालेल्यांनाही त्यांनी सोडले नाही. कापूस कामगारांची फुप्फुसे अधिक वेगाने खालावली हे त्यातून कळले. गिरणी सुटल्यावर फुप्फुसे काही प्रमाणात सावरतात, आणि न ओढणाऱ्यांची जास्त सावरतात, हेही कळले. हजेरीपटावरची माणसेच मोजली असती तर ही दुसरी बातमी कधीच हाती लागली नसती.

मग आकडे एकत्र करण्याची पायरी येते, जिला मेटा-ॲनालिसिस म्हणतात. ती नेहमी करावीच असे नाही. अहमदाबादचे ब्लो खाते, शांघायची सूतगिरणी आणि सोलापूरचा घरगुती माग यांच्या आकड्यांची सरासरी काढली तर ती यांपैकी कुठल्याच कामगाराची नसते. अभ्यासांमधला फरक फार मोठा असेल तर सरासरी न काढता तो फरक कशामुळे, हे शोधणे जास्त प्रामाणिक.

एकत्र केलेला आकडा कसा चकवतो याचा एक नमुना २०१० मध्ये छापला गेला. शेतकरी आणि कापूस कामगार यांच्यावरचे अभ्यास गोळा करून केलेल्या पद्धतशीर आढाव्यात एंडोटॉक्सिनशी संपर्क असलेल्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळला. तर मग ही धूळ चांगली म्हणायची का? एंडोटॉक्सिनमुळे प्रतिकारशक्ती जागी होते आणि गाठीला अटकाव होतो, असा एक तर्क आहे आणि त्यावर गंभीरपणे काम झाले आहे. पण कापूस पटकन पेट घेतो, म्हणून गिरणीत ओढायला बंदी असते आणि कामगार पाळीभर विडी-सिगारेटपासून लांब राहतो. वर निरोगी कामगाराचा परिणाम आहेच. आणि १९९० मध्ये कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संस्थेने वस्त्रोद्योगातल्या कामाला संभाव्य कर्ककारकांच्या यादीत टाकले होते, तेही इतर अवयवांचा विचार करून. अशा वेळी आढावा करणाऱ्याने ठळक मथळा न देता हे सगळे शेजारी शेजारी मांडायचे असते.

शेवटी पुराव्याला दर्जा द्यायचा. ग्रेड नावाच्या पद्धतीत निरीक्षणाचा पुरावा सहसा सुरुवातीलाच ‘कमी’ या पायरीवर ठेवला जातो. हा नियम औषधांसाठी ठीक, धुळीसाठी अन्यायाचा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को इथल्या संशोधकांनी २०११ मध्ये मांडलेल्या नेव्हिगेशन गाइडमध्ये मानवी निरीक्षणाचा पुरावा ‘मध्यम’ पायरीपासून सुरू होतो, आणि मला तेच योग्य वाटते, कारण चिठ्ठी टाकण्याचा मार्ग जिथे कधीच खुला होणार नाही तिथे तो नाही म्हणून पुराव्याला दंड करणे बरोबर नाही. मग धूळ वाढली तसा आजार वाढला का हे पाहून दर्जा वर सरकवायचा. नॉर्थ कॅरोलिनाच्या गिरण्यांत १९७०च्या दशकात हे नाते स्पष्ट दिसले. त्याच्या आधारावर अमेरिकेने १९७८ मध्ये कापसाच्या धुळीची मर्यादा ठरवली, सूतकताईला घनमीटरमागे २०० मायक्रोग्रॅम आणि विणकामाला ७५०. गिरणीमालक कोर्टात गेले. १९८१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती मर्यादा कायम ठेवली.

विणकामाची मर्यादा जवळजवळ चौपट का, हे आपण सुरुवातीला पाहिले. सूत मागावर येईपर्यंत बराचसा पाचोळा गेलेला असतो. आणि इथेच सोलापूरचा प्रश्न अडतो. कापसाच्या धुळीने फुप्फुस खालावते हे सूतगिरणीबद्दल पक्के आहे, त्यात शंका घ्यायला जागा नाही. मागाच्या धुळीबद्दल पुरावा विरळ होतो. मागाच्या वर राहणाऱ्या कुटुंबाबद्दल तर आणखी विरळ, कारण जगातले बहुतेक अभ्यास मोठ्या गिरण्यांत झाले, जिथे हजेरीपट, दवाखाना आणि आठ तासांनंतरची मोकळी हवा होती. विणकामाची मर्यादा आठ तासांच्या पाळीची आहे. वरच्या मजल्यावर झोपणाऱ्या मुलासाठी ती लिहिलेली नाही. दोन-चार मागांचा छोटा कारखाना कायद्याच्या व्याख्येत बसत नाही, त्यामुळे तिथला आजार कळवण्याची सक्तीही गळून पडते.

तेव्हा सोलापूरसाठी असा आढावा करणाऱ्यांच्या अहवालात दोन वेगळी वाक्ये लिहिली जावीत. सूतगिरणीच्या कामगारांसाठी खात्रीचा दर्जा उच्च. मागाशेजारच्या घरांसाठी दर्जा खालचा, कारण अप्रत्यक्ष पुरावा. तिथे थेट अभ्यास फारसे झालेले नाहीत. दुसऱ्या वाक्याचा अर्थ धोका नाही असा कोणी लावू नये, म्हणून पुढच्या अभ्यासाचा आराखडाही तिथेच, त्याच पानावर द्यावा. त्यात गल्लीतले प्रत्येक घर घ्यावे, बायका-मुलांसकट. प्रश्न त्यांच्या घरच्या भाषेत, म्हणजे मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्येही, विचारावेत. हवेतली धूळ मागाशेजारी आणि वरच्या माळ्यावर अशी दोन्हीकडे मोजावी. आणि ज्यांनी धापेमुळे माग सोडला त्यांची यादी शेजाऱ्यांना विचारून करावी, कारण ती कोणत्याही दप्तरात मिळणार नाही.